पांढऱ्या दोरीच्या गोणी

चांगुणे,

काल तुझं तेरावं झालं. मी आले होते. जेवले, सगळ्यांशी बोलले, आणि जे सांगायचं ठरवून आले होते ते न सांगता परत मुरबाडला आले. म्हणून आज सकाळपासून लिहायला बसले आहे.

तू कधी जन्मलीस, कशानं गेलीस, मागे कोण कोण आहे, हे इथे लिहीत नाही. ते तुझ्या गावाला माहीत आहे. जे गावाला माहीत नाही तेवढंच लिहिते. लिहून झालं की हे कागद माझ्या नातवंडांकडे कॅनडाला जातील. ईरा आणि निनाद तुला ओळखतात. फोनवर तू त्यांना दोनदा दिसलीस आणि दोन्ही वेळा फोनला नाक लावून ओरडलीस, "जेवलाव का रे पोरांनो?" इतक्या लांबच्या माणसाशी मोठ्यानंच बोललं पाहिजे, अशी तुझी समजूत होती. त्यांना मराठी वाचता येतं, पण हळू. अडलं तर त्यांची आई आहे. इथे हे कुणालाही सांगता येणार नाही असं काल ठरलं. त्यांना सांगता येईल, आणि त्यांना सांगायलाच हवं, कारण खोटं मी त्यांनाही सांगितलेलं आहे.

आपली ओळख भांडणातून झाली. भांडण आपलं नव्हतं. मी शाळेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. मुरबाडच्या बाजारपेठेत तू काकडीची पाटी घेऊन बसली होतीस आणि मी काकड्या निवडत होते. तुझ्या मागच्या दुकानाच्या शेठनं रोजच्यासारखी रिकामी खोकी, थर्माकोल, प्लास्टिकचे कागद गटाराच्या कडेला ओढले आणि काडी लावली. धूर सरळ पाटीवर आला.

"शेठ, दुकानाला दार हाय, नाक नाय का?" तू बसल्या जागेवरून विचारलंस.

"मग काय डोक्यावर ठेवू खोकी? रोज एवढी निघतात. घंटागाडी कधी येते, कधी येत नाही."

"डोक्यावर नका ठेवू. मला द्या. माझ्या राबात जाळीन. जळायचंच हाय तर कायतरी पिकू तरी दे."

शेठ हसला. मी मात्र काकड्या ठेवून तुझ्याशेजारी उकिडवी बसले. तू मला सरकायला जागा दिलीस आणि म्हणालीस, "बाई, लुगडं सांभाळा, काजळी लागंल." मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून अख्खं मुरबाड मला बाई म्हणतं. तूही शेवटपर्यंत बाईच म्हणालीस. मी तुला अगं-तुगं करायचे आणि तू मला तुमी-आमी. तू माझ्याहून पाचसहा वर्षांनीच लहान होतीस. हे बदलावं असं माझ्या एकदाही मनात आलं नाही, याचं आता आश्चर्य वाटतं.

राब म्हणजे काय हे नातवंडांसाठी मला सांगावं लागेल, तू कंटाळू नकोस. पोरांनो, भाताचं बी आधी एका लहान तुकड्यात पेरतात आणि रोपं वाढली की शेतात लावतात. तो तुकडा उन्हाळ्यात तयार करतात. शेण, झाडांचा टहाळ, पाला, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याची दिशा बघून हळूहळू भाजायचं. तण मरतं, राख मुरते, रोप जोमानं येतं. यासाठी चांगुणेच्या गावच्या बायका दरवर्षी सिद्धगडाच्या बाजूच्या रानातून ऐनाच्या, किंजळीच्या फांद्यांचे भारे डोक्यावरून आणतात. चांगुणेचं म्हणणं इतकंच होतं की दुकानांचा कोरा पुठ्ठा फाडून थरात घातला, तर तेवढा टहाळ झाडावर राहील, तेवढी पायपीट वाचेल आणि बाजारातला धूर थांबेल.

मी पहिल्या दिवसापासून तुझ्याशी वाद घातला. जाळण्याला पुनर्वापर म्हणत नाहीत, पुठ्ठा कारखान्यात गेला पाहिजे, त्याचा परत पुठ्ठा झाला पाहिजे, असं मी म्हणायचे.

"कुठं हाय कारखाना?"

"लांब आहे. कल्याणच्या भंगारवाल्यामार्फत जाईल."

"तो येईल ट्रकभर साठल्यावर. तवर पुठ्ठा भिजला तर कोण पुसणार, तुमी?" आणि मग तू म्हणालीस, "पुठ्ठ्याचा पुठ्ठा झाला तर परत शेठच्या दुकानात येईल नि परत जळंल. माझ्याकडं आला तर त्याचा भात होईल. भात कोण जाळत नाय."

कृषी खात्याची माणसं राबच भाजू नका म्हणतात, त्यांचंही खरं असेल. आपण हा वाद दरवर्षी पुढच्या वर्षावर टाकला. आता तो कुणाशी घालू?

काम सुरू झालं आणि मी त्याला शिस्त लावली. बाजारपेठेच्या मागे एक रिकामी शेड मिळाली. किराणा, औषधांची दुकानं, फ्रीज-टीव्हीचं दुकान, पार वैशाखऱ्यापर्यंतचे रस्त्यावरचे ढाबे, सगळ्यांकडे आपण गेलो. मी प्रत्येकाला गोणी दिल्या आणि तीन रंगांच्या दोऱ्या दिल्या. पांढरी दोरी कोऱ्या पुठ्ठ्याला. लाल दोरी बाटल्यांना आणि प्लास्टिकला, ते भंगारवाला न्यायचा. काळी दोरी कुणालाच नको असलेल्या मालाला. शेडच्या दारावर मी वेळापत्रक लावलं. पुठ्ठ्याची उचल सोमवारी आणि शुक्रवारी, लाल दोरीची महिन्यातून एकदा, काळीची जमेल तेव्हा.

तुझा दोरीवर विश्वास नव्हता. "दोरी माणसानं बांधलेली असते, बाई," तू म्हणायचीस. पांढरी गोण आली की तू ती पूर्ण ओतायचीस, एकेक खोकं उलगडायचीस, चिकटपट्टी ओढून काढायचीस आणि मग जिभेला बोट लावून ते पुठ्ठ्यावर आतून-बाहेरून फिरवायचीस. ओल मुरली तर पुठ्ठा. बोट घसरलं तर त्याला प्लास्टिकचा पापुद्रा आहे, तो लाल ढिगात. मला त्या थुंकीची किळस यायची. मी तुला पाण्याची वाटी आणून दिली. दोन दिवसांनी तुझी शेंगदाण्याची टरफलं तिच्यात पडलेली दिसली.

"वाटी कुठं ठेवली ते शोधावं लागतं. तोंड असतंय जागेवर."

तू हातानं दाबून बघायचीस, कानाशी नेऊन चुरगाळायचीस, नाकाला लावायचीस. औषधाच्या दुकानातलं खोकं तू डोळे मिटून ओळखायचीस. संध्याकाळी तुझ्या लुगड्याच्या काष्ट्याला चिकटपट्टीचे तुकडे असायचे आणि परतीच्या जीपमध्ये बायका तुला चिडवायच्या. "चांगुणाबाय, तुमचं पार्सल कुठं जायाचं?" तू म्हणायचीस, "माझ्या नवऱ्याकडं, तो घेतोय का बघा."

पहिल्या वर्षी तू आपल्या राबाच्या अर्ध्याच भागात पुठ्ठा घातलास, उरलेल्या अर्ध्यात नेहमीचा टहाळ. रोप आलं तेव्हा दोन्हींत डावं-उजवं करता येईना. तू मला बांधावर उभी केलीस, गावच्या बायकांना हाका मारल्यास आणि म्हणालीस, "वळखा बरं, यातलं किराणा दुकानाचं रोप कुठलं?" कुणालाच ओळखता आलं नाही. धाकू आजांनी, तुझ्या चुलत सासऱ्यांनी, खाली बसून दोन्हीकडची माती चोळून बघितली आणि म्हणाले, "पुढल्या साली आमाला बी द्या." माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस आहे. त्यानंतरचं सगळं माहीत असूनही आहे.

दुसऱ्या वर्षी दोन घरं वाढली. तिसऱ्या वर्षी एकूण सहा झाली.

त्या तिसऱ्या वर्षी, राब रचायच्या ऐन दिवसांत, बुधवारी तुझा फोन आला. "बाई, दोन दिस मी येणार नाय. शापूरला जायाचं हाय. शनवारी येते. तवर पांढरी गोण एक बी जाऊ देऊ नका."

"का गं, शहापूरला काय?"

"हाय काम."

मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, नात्यात काही असेल.

शुक्रवारी ठरल्या वेळेला जीप शेडपाशी आली. तुझ्या गावचे दोघे आले होते. ते म्हणाले, "बाई, आज माल नाय मिळाला तर थर कधी लावायचा? वारा पडलाय, भाजायला हाच टाइम हाय." शेडमध्ये पांढऱ्या दोरीच्या गोणी नीट रांगेत उभ्या होत्या. मी रांग मोजली. एका गोणीचं तोंड सोडून वर बघितलं, स्वच्छ खाकी पुठ्ठा होता. वेळापत्रकात शुक्रवार होता, दोऱ्या पांढऱ्या होत्या, माणसं दारात उभी होती. मी वहीत खुणा केल्या आणि म्हणाले, "न्या."

तू सांगितलेलं मी विसरले नव्हते, चांगुणे. हे नातवंडांना नीट कळलं पाहिजे. मला आठवत होतं. मला वाटलं, ही उगीच संशय घेते. मला वाटलं, मी घालून दिलेली पद्धत एका दिवसासाठी तरी तुझ्या थुंकीशिवाय चालली पाहिजे.

गोणी भरून झाल्यावर मी ड्रायव्हरला माझा फोटो काढायला लावला. मी जीपजवळ उभी आहे, हात एका गोणीवर आहे, मागे पांढऱ्या दोऱ्यांची रास आहे. तो फोटो मी लगेच कॅनडाला पाठवला आणि खाली इंग्रजीत लिहिलं की हा आमच्या दुकानांतला कचरा, हा आता भाताच्या शेतात चालला आहे. ईराच्या बाईंना तो फार आवडला. तो मोठा करून त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर लागला. ईरा, निनाद, तुमच्या शाळेत आजीचा म्हणून जो फोटो आहे, तो त्या शुक्रवारचा आहे.

त्या गोणींत वरच्या थराखाली काय होतं ते नंतर कळलं. आइस्क्रीमची प्लास्टिकचा पापुद्रा लावलेली खोकी, खोक्यात खोकी कोंबून आत बुडबुड्यांचं प्लास्टिक, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, चिकटपट्टीचे बोळे. पांढरी दोरी आठवड्यातून दोनदा उचलली जाते आणि काळी कधीच नाही, हे दुकानदारांना माझ्याच वेळापत्रकानं शिकवलं होतं. मग प्रत्येक जण प्रत्येक गोणीला पांढरीच दोरी बांधायला लागला. इतके दिवस ते तुझ्या बोटापाशी अडत होतं.

तू शनिवारी आलीस तोवर सहाही घरांनी, तू बघितलेला माल म्हणून, गोणी तशाच ओतून थर लावले होते, वर माती ओढली होती आणि चार ठिकाणी पेटवलंही होतं. तू शेडमधली मोकळी जागा बघितलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "उघडून बघितल्या ना, बाई?"

मी म्हणाले, "बघितल्या."

एकच उघडली होती. तीसुद्धा वरून. ते माझं पहिलं खोटं.

राबाचा वास यंदा वेगळा येतो, असं गावात लोक म्हणत होते. खोक्यांच्या डिंकाचा असेल, म्हणून सोडून दिलं. वर माती होती, त्यामुळे खाली काय झालं ते कुणाला दिसलं नाही. पेरणी झाली आणि रोप ठिपक्याठिपक्यांनी आलं. मध्ये टक्कल, कडेला पिवळी काडी. तू मला बोलावून नेलंस आणि तुझ्या स्वतःच्या राबात खुरपं घातलंस. चार बोटांवर ते अडलं. तू माती बाजूला केलीस. खाली काळी, चकचकीत, तव्यावर करपून बसलेल्या दुधासारखी साय होती. पाणी तिच्यावर थांबलेलं. मुळं तिथवर जाऊन आडवी वळलेली. तू तो पापुद्रा उचकटलास, हातात उलटासुलटा केलास आणि परत जागेवर ठेवलास. माझ्याकडे बघितलं नाहीस.

सहा घरांना रोप नव्हतं. बायका शेजारच्या गावांत उरलंसुरलं रोप मागत फिरल्या. लावणी उशिरा झाली, काही तुकडे तसेच राहिले.

मग गावदेवीच्या देवळात बैठक बसली आणि मला बोलावणं आलं. धाकू आजा शांतपणे बोलले, पण मागून एकानं विचारलं, "बाई, मुरबाडची घाण टाकायला तुमाला आमचीच शेतं मिळाली का?" मी उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं. मी कुठून सुरुवात केली असती, कोण जाणे. त्याआधीच तू उठलीस, देवीपुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचललास.

"बाईंचा काय दोष नाय. गोणी मी उघडल्या, मी बघितल्या, मी धाडल्या. माझी नजर चुकली. हे खोटं आसंल तर माझ्या घरावर येवो."

बेलभंडारा उचलून घेतलेल्या शपथेवर गावात कुणी शंका घेत नाही. तू त्या शुक्रवारी शहापूरला होतीस हे गावात कुणाला माहीत नव्हतं. गोणी न्यायला आलेल्या दोघांनाही, तू त्या बघून दुकानांत गेली असशील, असंच वाटलं होतं. तू रोज सकाळी मुरबाडच्या जीपमध्ये बसायचीस, त्याही दिवशी बसली होतीस. तिथून पुढे किन्हवलीवरून शहापूरला जाणारी एसटी धरलीस, हे फक्त मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. मी खाली बसले.

फाट्यापर्यंत तू मला सोडायला आलीस. मी म्हणाले, "हे काय केलंस?"

"तुमचं नाव गेलं तर एक दुकानदार गोण द्यायचा नाय. माझं गेलं तर काय, बोलतील चार दिस."

"अगं, पण देवीसमोर..."

"जीप आली बघा. बसा फुडं, मागं धूळ लागंल."

तू चार दिवस म्हणालीस. त्याला तीन वर्षं झाली. वाऱ्याची दिशा बघायला गाव तुला बोलवायचं, राबाला कुठल्या बाजूनं काडी लावायची ते तुझ्या शब्दावर ठरायचं. पुढच्या वर्षी धाकू आजांनी कुणालाही न विचारता पेटवलं. बायकांनी तुझ्या हातचं बी घेणं बंद केलं. हे तू मला सांगितलं नाहीस. जीपमध्ये इतर बायकांच्या बोलण्यातून कळलं. आता त्या चिडवत नव्हत्या, सरकून बसत होत्या.

आणि ज्यासाठी तू हे केलंस ते काम टिकलंही नाही. गाव पुठ्ठा घेईना. शेडमध्ये गोणींवर गोणी चढल्या, भिजल्या, उंदीर झाले. मालकानं शेड परत मागितली. आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. रोज सकाळी तो दुकानदार कव्हरांची वेष्टनं दारापुढे लोटून पेटवतो. त्याच्या शेजारचाही पेटवतो. ढाब्यांच्या मागे तर दिवसभर धुमसत असतं. आपण सुरुवात केली तेव्हापेक्षा खोकी दुपटीनं येत असतील, घरबसल्या मागवलेल्या वस्तूंचीच किती. परवा मी एका शेठला म्हटलं, निदान थर्माकोल जाळू नका. तो फार आदरानं म्हणाला, "बाई, तुम्ही केलंत ना करून, काय झालं?" मी पिशवी उचलून घरी आले. मला आता यातून काही होईल असं वाटत नाही. तुझ्याशी खोटं बोलून काय करू?

मला मात्र शाल मिळाली. एका मंडळानं बोलावून सत्कार केला आणि मी तो करून घेतला. भाषणात तुझं नाव घेतलं, "माझी सहकारी" म्हणून. ती शाल कपाटात आहे.

मी स्वतःला तीन वर्षं असं समजावलं की आता खरं बोलणं म्हणजे तू देवीसमोर खोटं बोललीस असं जाहीर करणं, तेव्हा तुझ्यासाठीच मी गप्प आहे. हे अर्धंच खरं आहे. तू पान उचललंस त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. तुला कळली असणार. पुठ्ठ्याचं पोट ओळखणारी तू.

गेल्या महिन्यात तुला भेटायला आले तेव्हा तू पडवीत पडून होतीस. आवाज बारीक झाला होता. "नातवंडं बरी हायत?" तू विचारलंस. मी ईराच्या शाळेतल्या फोटोचं सांगून बसले. तू म्हणालीस, दाखवा. मला फोन काढावा लागला. तू तो डोळ्यांपाशी धरलास आणि खूप वेळ बघत राहिलीस. बोट स्क्रीनवर फिरलं, फोटो मोठा झाला, गोणी जवळ आल्या. तुझं बोट तिथेच थांबलं. मी म्हटलं, आता. आता ही विचारेल आणि मी सांगेन.

"बाई," तू म्हणालीस, "यात तुमी लई जाड दिसता."

आपण दोघी हसलो. तुला खोकला आला. मी पाणी दिलं. माफी मागायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती आणि मी पाण्याचा तांब्या जागेवर ठेवून जीपची वेळ बघितली.

काल मी ठरवून आले होते. ओटीवर सगळे असतील, धाकू आजा असतील, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. त्याआधी संगीताला सांगावं म्हणून मागच्या दारी गेले. तुझी सून चुलाणाजवळ होती, दोन वर्षांचा नातू कडेवर. मी म्हणाले, "संगीता, मला आज सगळ्यांसमोर एक सांगायचं आहे. त्या गोणी..."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"आई त्या शुक्रवारी शेडात नव्हती. माझ्याबरोबर शापूरला होती, डॉक्टरीणबाईंकडं. लग्नाला सात वर्सं झाल्ती, पोर नव्हतं. गावात कळू द्यायचं नाय म्हणून आई मला मुरबाडच्या बाजाराला नेते सांगून घेऊन गेली."

मला पहिल्यांदाच कळलं की तुझं शहापूरचं काम काय होतं. मी म्हणाले, "मग तर सांगायलाच हवं. तिच्यावरचा आळ जाईल."

"आळ जाईल नि काय येईल, बाई?" तिनं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "खोटा भंडारा उचलला म्हणतील. त्यानंच गेली म्हणतील. नि हा त्याच्या मागनं झालेला. ह्याला ताप आला तरी त्यावर घालतील, पडला तरी त्यावर घालतील. चुकीचं नाव आईवर बसलंय ते बसलंय. माणसाची नजर चुकते, ते लोक इसरतील. खोटी शपथ नाय इसरायचे."

मी शिक्षिका आहे. असं काही नसतं, शपथेनं कुणी मरत नाही, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिनं ते ओळखलं.

"तुमी बोलाल नि जाल मुरबाडला," ती म्हणाली. "मला हितंच ऱ्हायाचंय."

मी त्या मुलाकडे बघितलं. त्याच्या हातात उकडलेला बटाटा होता आणि तो माझ्याकडे बघून तो तोंडात कोंबत होता. मी म्हणाले, बरं. नाही सांगत.

ईरा, निनाद, म्हणून हे तुमच्याकडे येतं आहे. तुमच्या बाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. फोटो काढायचा असेल तर काढा. इथे फोनवर कुणाशी मात्र याबद्दल बोलू नका.

निघताना ओटीवर धाकू आजांनी मला थांबवलं. काठी टेकून ते उठले. मी नको नको म्हणत असताना त्यांनी हात जोडले.

"बाई, तुमी आल्या, बरं वाटलं. आमच्या सुनेनं तुमच्या एवढ्या चांगल्या कामाची माती केली. पण मनानं वाईट नव्हती हो ती. आता गेली. माफ करा तिला."

ओटीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. आतल्या दारात संगीता उभी होती, मूल कडेवर घेऊन.

"केलं," मी म्हणाले. "कधीच केलं."